आठ दातांऐवजी नऊ: सोलापूर–पुणे धावणाऱ्या मालवाहू व्हॅनचा मागचा रेशो बदलताना

गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या एका कारखान्याची. टर्बो डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ओढ, पाच गिअर, आणि पाचवा गिअर थेट, म्हणजे १:१. रिकामी गाडी साधारण २२०० किलोची, गाठी भरल्या की ३४०० किलोची. आठवड्यातून चार खेपा पुण्याच्या, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, यवत अशा सरळ महामार्गाने. एक खेप तुळजापूर घाट चढून धाराशिवला.

तक्रार एवढीच होती की ७५-८० च्या वेगाला इंजिन सतत ओरडतं. चालक संध्याकाळी गाडीतून उतरला की त्याचे कान वाजत असायचे. इंजिनात दोष नव्हता. इंजेक्टर, टर्बो, एअर फिल्टर, माउंटिंग सगळं तपासून झालं होतं. आवाज येत होता तो इंजिन खरोखरच तितकं फिरत होतं म्हणून. या इंजिनाची पूर्ण ताकद मिनिटाला ३२०० फेऱ्यांना मिळते आणि ८० च्या वेगाला ते जवळजवळ तिथंच होतं. अडीचशे किलोमीटर तसंच पळवायचं, माल उतरवायचा आणि परत तसंच यायचं.

मालकांना रेशो समजावायला फार वेळ लागला नाही. यंत्रमागावर चेंज व्हीलचा एक दात कमी-जास्त केला की कापडाची वीण दाट-विरळ होते, हे सोलापुरात सांगावं लागत नाही. इथेही तेच. मागच्या एक्सलमध्ये क्राऊनला (चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चाक) ४१ दात आणि पिनियनला (क्राऊनला फिरवणारं लहान दातेरी चाक) ८. पिनियन ९ दातांचा घातला की त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. प्रश्न होता तो किती कमी करायचं याचा, आणि या कामात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आधी मोजणी, मग खरेदी

दुकानदार सांगतो तो रेशो धरायचा नाही. एक्सलवरची पट्टी बऱ्याचदा उडालेली असते, आणि जुन्या गाडीत आधीच कुणी जोडी बदललेली असू शकते. पुढच्या चाकांना अडसर लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली स्टँड द्या. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे उचललेलं चाक दोन फेरे फिरलं की क्राऊन एक फेरा फिरतो. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा, पिनियनला फिरवणारा दांडा) खडूची खूण करा आणि मोजा. या गाडीत चाकाचे १६ फेरे झाले तेव्हा शाफ्टचे बरोबर ४१ झाले. म्हणजे क्राऊनचे ८ फेरे आणि पिनियनचे ४१. रेशो ४१ भागिले ८, म्हणजे ५.१२५. दोन-तीन फेऱ्यांवर अंदाज बांधला तर ५.१२५ आणि ४.८७५ यांतला फरक हाती लागत नाही. सोळा फेरे मोजायला पाच मिनिटं जातात, ती घालवावीत.

दुसरं माप चाकाचं. टायरवरच्या आकड्यांवरून हिशोब केला तर तो भरलेल्या गाडीला लागू पडत नाही, कारण वजनाखाली टायर बसतो. गाडी भरून, हवा नेहमीची ठेवून, मागच्या टायरवर आणि जमिनीवर खूण केली आणि गाडी दहा फेरे ढकलली. अंतर भरलं २१.४ मीटर. एका फेऱ्याला २.१४ मीटर.

आता हिशोब सोपा. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर. भागिले २.१४, म्हणजे चाकाचे ६२३ फेरे. ५.१२५ ने गुणलं तर इंजिन ३१९३. याच एक्सलमध्ये बसणाऱ्या आणखी दोन जोड्या मिळत होत्या. ४१:९ म्हणजे ४.५५६, तिच्यावर इंजिन येतं २८३८. ४१:१० म्हणजे ४.१०, तिच्यावर २५५४.

मालकांचा कौल अर्थातच ४१:१० ला होता. एवढी खोलाखोल करायचीच तर पुरता फरक पडू दे, हा विचार नैसर्गिक आहे. तो या गाडीला का चालला नसता, ते नीट बघण्यासारखं आहे.

सगळ्यांना भीती घाटाची वाटते. खरं तर घाटात खाली चार गिअर मोकळे असतात. घाटातला ८ टक्के चढ धरला तर ३४०० किलोच्या गाडीला वर ओढायला २७२ किलोचा जोर लागतो, टायरच्या घर्षणाचे ४१ आणि हवेचे ५ किलो धरून ३१८. तिसऱ्या गिअरमध्ये (रेशो १.७९) इंजिनाकडून त्यासाठी ५.१२५ वर १३१ न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप), ४.५५६ वर १४८ आणि ४.१० वर १६४ मागितले जातात. इंजिनाची कमाल १९० आहे. तिन्ही जोड्या घाट चढतात. ट्रकमागे अडकून वेग १८ वर आला तर तिन्हींमध्ये दुसरा गिअर टाकावाच लागतो.

अडचण आहे ती महामार्गावरच्या उड्डाणपुलांवर. ताशी ७० ने येताना ४ टक्के चढ लागला, तर चढाचे १३६ किलो, टायरचे ४१ आणि हवेचे सुमारे ४०, मिळून २१७ किलोचा जोर हवा. पाचव्या गिअरमध्ये तो ५.१२५ वर १५४ न्यूटन-मीटरला मिळतो, ४.५५६ वर १७३ ला, आणि ४.१० वर १९२ लागतात. ४.१० ची मागणी इंजिनाच्या कमाल १९० च्या वर गेली. म्हणजे प्रत्येक पुलाला चौथा गिअर. आता चौथ्याचा रेशो बघा. १.३२ गुणिले ४.१० म्हणजे ५.४१. हा आकडा जुन्या पाचव्यापेक्षाही, ५.१२५ पेक्षाही, मोठा आहे. जुन्या गाडीत ७० ला इंजिन २७९४ फिरत होतं, आणि शांत प्रवासासाठी केलेल्या या गाडीत पुलावर २९५० फिरलं असतं. गाडी पाचवा आणि चौथा यांच्यामधल्या खड्ड्यात पडली असती. सोलापूर–पुणे मार्गावर प्रत्येक मोठ्या गावाला पूल आहे, आणि भरल्या गाडीत चालक दिवसभर गिअरच बदलत बसला असता. ४.५५६ वर ७० ला इंजिन २४८४ असतं आणि तिथे त्याच्याकडे साधारण १८० न्यूटन-मीटर असतात. १७३ ची गरज भागते. फार मोकळीक राहत नाही, पण भागते.

म्हणून आमचं स्पष्ट मत असं की रेशो सपाटीवरच्या वेगावरून निवडू नये. भरलेली गाडी रोजच्या रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट पण नेहमी येणाऱ्या चढावर वरचा गिअर सोडते की नाही, त्यावरून निवडावा.

दुसरी गोष्ट क्लचची. ५.१२५ वरून ४.५५६ वर आलं की गाडी उचलताना क्लचवर साडेबारा टक्के जास्त भार येतो, ४.१० ला पंचवीस टक्के. गोदामाच्या चढावर भरलेली गाडी मागे घेताना हे लगेच कळतं, कारण रिव्हर्समध्येही तोच हिशोब लागतो. पौर्णिमेच्या आसपास तुळजापूरच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्या भाविकांच्या मागे अर्धा क्लच दाबून सरकावं लागतं, तेव्हाही. या गाडीची क्लच प्लेट निम्मी झिजलेली होती. ती याच कामात बदलून घेतली, आणि तो निर्णय बरोबर होता.

पाचवा ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा) असलेला गिअरबॉक्स त्याच मॉडेलमध्ये मिळत असेल, तर घाटाचं काम जास्त असलेल्या गाडीला तो अधिक चांगला, कारण पहिला गिअर आणि क्लच जसेच्या तसे राहतात. इथे तो सहज बसणारा नव्हता. मोठे टायर लावून रेशो खाली आणण्याचा मार्ग मालवाहू गाडीला सुचवणार नाही. ब्रेकची पकड कमी होते आणि चाकं मडगार्डला घासतात.

सामान

क्राऊन-पिनियनची जोडी एकत्र घासून बनवलेली असते. दोन्हींवर एकच जोडी क्रमांक कोरलेला असतो. क्रमांक जुळत नसेल तर दुकानातच परत करा, मग भाग कितीही नवे असोत. नऊ दातांच्या पिनियनचं डोकं आठच्या पिनियनपेक्षा मोठं असतं, त्यामुळे क्राऊनची जाडी बदलते. काही एक्सलमध्ये त्यासाठी कॅरिअरही (ज्यावर क्राऊन बोल्टने बसतो तो भाग) वेगळा लागतो. इथे तोच कॅरिअर चालत होता, पण हे पैसे देण्याआधी बघायचं.

जोडीशिवाय लागलेलं सामान असं: पिनियनची आतली-बाहेरची टेपर बेअरिंग, दोन साइड बेअरिंग, पिनियनचं ऑईल सील, हबची दोन सील, नवा पिनियन नट, क्राऊनचे दहा नवे बोल्ट, शिमचा (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच, लॉकिंग द्रव, गॅस्केट आणि ८५डब्ल्यू-१४० जीएल-५ दर्जाचं तीन लिटर तेल. भरताना २.६ लिटर गेलं. सोलापूरच्या उन्हाळ्याला आणि भरलेल्या गाडीला ८०डब्ल्यू-९० पेक्षा हे जाड तेल बरं. जीएल-४ चालणार नाही. हायपॉइड (क्राऊनच्या मध्यरेषेपासून बाजूला बसवलेल्या पिनियनच्या) जोडीचे दात एकमेकांवर घसरत फिरतात, आणि तो दाब सहन करणारी द्रव्यं जीएल-४ मध्ये पुरेशी नसतात. कोलॅप्सिबल स्पेसर (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली, आवळताना दबणारी नळी) मात्र दोन आणावेत. का, ते पुढे येईलच.

जुनी बेअरिंग नव्या जोडीला वापरण्याचा मोह टाळावा. पिनियनची खोली (क्राऊनच्या मध्यापासूनचं अंतर) मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बसवायची असते, आणि झिजलेल्या बेअरिंगवर घेतलेलं माप काही हजार किलोमीटरनंतर उरत नाही.

उतरवणं

एक्सल फुल-फ्लोटिंग प्रकारचा, म्हणजे गाडीचं वजन हब पेलतो आणि शाफ्ट फक्त फिरवतो. त्यामुळे चाकं काढायची गरज नाही. गाडी थोडी फिरवून आणून तेल गरम असतानाच सोडा. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) पंचाने जोडखूण करा, नाहीतर परत बसवताना शाफ्ट उलटा लागून थरथर येते. एक्सल शाफ्टच्या फ्लँजचे आठ-आठ नट काढल्यावर नटांखालचे शंकूसारखे वॉशर घट्ट धरून बसलेले असतात. फ्लँजच्या मधोमध पितळी दांडा ठेवून जोरात हातोडा मारला की ते सुटतात. छिन्नीने फट पाडायला जाऊ नये, पृष्ठभाग खराब होऊन पुढे तिथूनच तेल गळतं.

दोन्ही शाफ्ट एखादा फूट बाहेर ओढले की डिफरन्शिअल असेंब्ली (क्राऊन, पिनियन आणि कॅरिअरचा संपूर्ण जोड) पुढच्या बाजूने सुटते. हिचं वजन चाळीस-पन्नास किलोच्या घरात असतं आणि गाडीखाली आडवं पडून छातीवर घ्यायची ही वस्तू नाही. जॅकवरच उतरवा.

या गाडीत एक गोष्ट आधीच सापडली. एक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) बंद होता. टॉवेलचे तंतू आणि रस्त्यावरची धूळ तेलकट होऊन त्यात अक्षरशः नमद्यासारखी बसली होती. ब्रीदर बंद झाला की तापलेल्या हवेचा दाब हबच्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो आणि ते ब्रेक शूवर जातं. डाव्या हबच्या मागे ओल दिसतच होती. कापडाचा माल वाहणाऱ्या गाड्यांनी ब्रीदर दर ऑईल बदलाला काढून धुवावा.

साइड बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी पंचाची खूण करूनच त्या काढायच्या. त्या जागेवर बसवून एकत्र बोअर केलेल्या असतात आणि अदलाबदल झाली की बेअरिंग तिरकं बसतं.

बसवणं, आणि पहिली जोडणी का फसली

क्राऊन कॅरिअरवर बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग तेलदगडाने साफ केले. क्राऊन तेलात ८०-९० अंशांपर्यंत गरम केला की हाताने बसतो. गॅसच्या ज्योतीने तापवू नये, दातांचं कडकपण जातं. हातोड्याने ठोकू नये. १२ मिमीचे, १०.९ दर्जाचे बोल्ट लॉकिंग द्रव लावून समोरासमोरच्या क्रमाने ११५ न्यूटन-मीटरला ओढले. डायल गेज (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारं माप) लावून क्राऊनच्या पाठीचा फेर तपासला, तो ०.०४ मिमी आला. ०.०८ च्या वर गेला असता तर खाली कचरा आहे असं समजून पुन्हा उघडावा लागला असता.

यानंतरचं काम म्हणजे पिनियनची खोली. पहिल्या जोडणीतली चूक इथेच झाली. जुन्या पिनियनच्या बेअरिंगखाली १.४२ मिमीचं शिम होतं. तेच शिम नव्या पिनियनखाली घातलं गेलं. पिनियनच्या डोक्यावर कोरलेला छोटा आकडा कुणी वाचला नाही. तो आकडा सांगतो की हा पिनियन ठरलेल्या मापापेक्षा मिलिमीटरच्या किती शंभरांश भागांनी क्राऊनच्या मध्यापासून लांब किंवा जवळ बसवायचा. अधिक चिन्ह म्हणजे लांब, शिम पातळ. उणे म्हणजे जवळ, शिम जाड. जुन्यावर अधिक ६ होतं, नव्यावर उणे ४. फरक दहाचा, म्हणजे ०.१० मिमी. शिम १.५२ हवं होतं.

दातांवर रंग लावून घेतलेला ठसा हे तेव्हाच सांगत होता. ठसा दाताच्या शेंड्याकडे सरकलेला आणि अरुंद होता. पण बॅकलॅश (क्राऊन-पिनियनच्या दातांमधली मोकळी फट) ०.१८ मिमी, म्हणजे बरोबर येत होता, म्हणून असेंब्ली गाडीत चढली. बॅकलॅश बरोबर आला म्हणजे खोली बरोबर, असं मुळीच नाही. क्राऊन डावी-उजवीकडे सरकवून चुकीच्या खोलीवरही बॅकलॅश जुळवता येतो. गाडी बाहेर काढल्यावर ५५ ते ६५ च्या वेगात ॲक्सिलरेटर सोडला की बारीक शीळ ऐकू येऊ लागली. पाय दाबला की गायब. वेगाप्रमाणे सतत येणारी घरघर असती तर बेअरिंगवर संशय गेला असता. भार बदलल्यावर बदलणारी शीळ दातांच्या संपर्कातून येते. ही शीळ 'चालून चालून बसेल' असं म्हणून सोडू नये. ती बसत नाही, दात मात्र झिजतात.

असेंब्ली पुन्हा उतरली. १.५२ चं शिम घातलं, आणि दुसरा स्पेसर लागला. कोलॅप्सिबल स्पेसर एकदाच दबतो. नट आवळताना तो दबत जातो आणि त्या दाबावर दोन्ही पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) ठरतो. जास्त आवळला गेला म्हणून नट सैल करून चालत नाही, कारण स्पेसर परत फुलत नाही. तो फेकायचा आणि नवा घालायचा.

प्रीलोड मोजायला महागडं साधन लागत नाही. पिनियनच्या फ्लँजला मजबूत दोरी गुंडाळा, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा लावा आणि एका गतीने ओढा. सुरुवातीचा झटका धरायचा नाही, पिनियन फिरत असतानाचा आकडा वाचायचा. दोरीची त्रिज्या इथे ५ सेंमी होती. नव्या बेअरिंगला, सील न बसवता, १८ ते २० किलो-सेंमी हवेत, म्हणजे काट्यावर ३.६ ते ४ किलो. नट आवळायला सुरुवातीला लांब पाइपचा जोर लागतो, काटा बराच वेळ अर्ध्या-पाऊण किलोवरच राहतो. मग बेअरिंगमधला ढिलेपणा संपतो आणि आकडा एकदम चढतो. तिथून पुढे नट एका वेळी पाच-सहा अंशच फिरवायचा, दर वेळी पिनियन दहा-बारा फेरे हाताने फिरवून रोलर बसवायचे आणि पुन्हा मोजायचं. दुसऱ्या खेपेला काटा ३.८ वर थांबवला. सील त्यानंतर बसवलं. फ्लँजवर सील घासून चर पडला असेल तर नवं सीलही गळतं. इथे नखाला लागेल एवढा चर होता. सील दीड मिमी बाहेर ठेवून बसवलं, त्यामुळे त्याची कड नव्या जागेवर आली.

साइड बेअरिंगच्या दातेरी रिंगांनी क्राऊन सरकवून बॅकलॅश घेतला. डायल गेजची सुई दाताच्या बाहेरच्या टोकाला आणि दाताशी काटकोनात ठेवायची. चार जागी माप आलं ०.१६, ०.१८, ०.१९, ०.१७. चार मापांतला फरक ०.०५ च्या आत आहे, म्हणजे क्राऊन सरळ बसलाय.

ठशासाठी तयार निळा रंग मिळतो. इथे शेंदूर वापरला. शिशाचा शेंदूर घट्ट तेलात कालवला की दातांवर ठसा फार स्वच्छ उमटतो, जुने कारागीर तोच वापरत आले आहेत. पण शिसं विषारी आहे, हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नये. दहा-बारा दातांना पातळ थर द्यायचा, क्राऊनला लाकडी दांड्याने थोडा अडसर ठेवून पिनियन दोन्ही बाजूंना फिरवायचा. या वेळी ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध होता, लांबीत आतल्या, लहान टोकाकडे किंचित झुकलेला. असाच हवा. भार आल्यावर तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो आणि मध्यावर येतो.

ठसा चुकला तर काय करायचं, ते थोडक्यात. शेंड्याकडे असेल तर पिनियन लांब आहे, शिम जाड करा. मुळाशी असेल तर पिनियन फार आत गेलाय, शिम पातळ करा. लांबीत अगदी आतल्या टोकाला असेल तर बॅकलॅश वाढवा, बाहेरच्या टोकाला असेल तर कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन्ही एकदम बदलल्या की कशाने काय झालं, ते कळत नाही.

वेगमापक

हा भाग बहुतेक जण विसरतात आणि तो सगळ्यात घातक आहे. या गाडीत वेगाची नोंद गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून होते. रेशो बदलल्यावर गिअरबॉक्सच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी नऊ अष्टमांश पट अंतर कापते. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९० ने पळत असते. चालकाला ते जाणवतही नाही, कारण इंजिनाचा आवाज पूर्वीच्या ८० सारखाच असतो. चौपदरी महामार्गावर मालवाहू गाडीला वेगाची मर्यादा ८० आहे. वेगनियंत्रक त्याच सेन्सरवरून चालत असेल तर तोही ९० वर रोखणार, म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११८ ची अट मोडली.

सुदैवाने हिशोब नेमका आहे. वेगमापकाचा फिरता गिअर १८ दातांचा होता, त्याला आठ नवमांशांनी गुणलं की १६ येतात. त्याच मालिकेतला १६ दातांचा गिअर बसला आणि मोबाइलच्या जीपीएसशी काटा जुळला. इलेक्ट्रॉनिक सेन्सर असलेल्या गाडीत पल्सची संख्या १.१२५ पट करणारं छोटं उपकरण लावावं लागतं. एबीएसचे (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) दातेरी चकते हबवर असतील तर काही करावं लागत नाही. ते डिफरन्शिअलमध्ये असतील तर काम सुरू करण्याआधीच पुन्हा विचार करा. वेगनियंत्रक असेल तर तो अधिकृत केंद्रातून नव्याने जुळवून प्रमाणपत्र घ्यावं.

कागदपत्रांबद्दलही इथेच. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करू देत नाही. म्हणून उत्पादकाने त्याच मालिकेतल्या गाडीला दिलेलीच जोडी घ्यावी, बिल जपावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

इंधनाचा हिशोब करताना एक खोट लक्षात ठेवा. वेगमापक दुरुस्त केला नाही तर किलोमीटरही कमी नोंदले जातात आणि मायलेज पडल्यासारखं दिसतं. दुरुस्त केल्यावरही अकरा टक्के बचतीची आशा धरू नये. हवेचा आणि टायरचा विरोध तोच आहे, वाचतं ते फक्त इंजिनाचं स्वतःचं घर्षण. टाकी काठोकाठ भरून, त्याच पंपावर, त्याच मालासह चार खेपा मोजल्याशिवाय आकडा कुणाला सांगू नये.

चालकाच्या सवयी आणि पहिले हजार किलोमीटर

चालक पूर्वी ४५ ला पाचवा टाकायचा. तेव्हा इंजिन १८०० च्या आसपास असायचं. आता त्याच वेगाला १६०० होतं आणि भरली गाडी घरघरत ओढते. पाचवा आता ५१-५२ ला. बाकी गिअरही त्याच प्रमाणात उशिरा. हे चालकाला गाडीत शेजारी बसून दाखवावं लागतं, तोंडी सांगून दोन दिवसांत विसरलं जातं.

नवी जोडी आधी पंधरा-वीस किलोमीटर रिकामी चालवून अर्धा तास थंड होऊ दिली, असं चार वेळा. दातांचा पहिला संपर्क बारीक असतो, तिथे उष्णता साचते आणि तेल जळून दातांची कडक त्वचा मऊ पडू शकते. पहिले आठशे किलोमीटर अर्धाच माल. बेचाळीस अंशांच्या दुपारी टेंभुर्णीला थांबून इन्फ्रारेड तापमापकाने हाउसिंग पाहिलं, पिनियनच्या बाजूला ८८ अंश होतं. १२० च्या वर दिसलं असतं तर प्रीलोड जास्त आहे असं धरून गाडी तिथेच उभी करायची होती.

हजार किलोमीटरला तेल सोडलं. चुंबकी बोल्टवर काळपट राखाडी, बोटांत चोळली तर लोण्यासारखी गुळगुळीत लागणारी पेस्ट होती, हरभऱ्याएवढी. ही नव्या दातांची घासण, ती येतेच. चोळताना कण टोचले असते किंवा उजेडात चकचकीत पापुद्रे दिसले असते तर असेंब्ली तिसऱ्यांदा उतरवावी लागली असती. बोल्ट पुसून नव्या वॉशरवर लावला, २.६ लिटर ताजं तेल भरलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पूर्ण भरून पुण्याला निघाली.